हातावरचं तिकीट

"हात दाखव," असं म्हणून ते समोरच्याला दोन्ही हात पुढं करायला लावायचे. पंजे पालथे, बोटं पसरलेली. मग सदऱ्याच्या खिशातून त्या दिवशीचं बसचं तिकीट काढून त्या बोटांवर अलगद ठेवायचे आणि मान वाकडी करून बघत बसायचे. आपल्या हैदराबादच्या बसचं तिकीट किती पातळ असतं ते तुम्हाला माहीतच आहे. रोज पिणाऱ्यानं पिणं सोडलं की त्याचे हात कापतात. सुरुवातीला ते कापणं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण तिकिटाच्या कडेवर दिसतं. तिकीट थरथरलं तर ते एवढंच विचारायचे, "हं. कितवा दिवस?"

अंबरपेठेतल्या आमच्या गल्लीत ते राहायला आले तेव्हा बायकांना वाटलं, हे भविष्य सांगतात. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका वहिनींनी त्यांना ओट्यावर बसवून चहा दिला आणि तळहात पुढं करून विचारलं, धाकटीचं लग्न कधी जमेल. त्यांनी तो हात पालथा केला, वर तिकीट ठेवलं, बराच वेळ बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, तुम्ही पीत न्हाई."

त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. ते दारू सोडवण्याच्या ज्या केंद्रात काम करत तिथला पहिला नियमच तो होता, की इथलं नाव बाहेर न्यायचं नाही. गल्लीत त्यांना तिकीटवाले काका म्हणत, कारण पूर्वी ते सिटी बसवर कंडक्टर होते. पाठीमागं दुसरं नाव होतं, पागलखान्यातले. दोन्ही खरंच होतं. पिण्यापायी त्यांची नोकरी गेली, मग बायको माहेरी गेली, आणि शेवटी कुणीतरी त्यांना वेड्यांच्या मोठ्या दवाखान्यात पोचवलं. तिथून बाहेर आल्यावर ते स्वतःसारख्याच माणसांजवळ बसायचं काम करायला लागले. त्या कामाला मराठीत काय म्हणतात ते मला अजून माहीत नाही. ते स्वतः म्हणायचे, "मी बसतो." कंडक्टर असताना उभं राहून काम केलं, आता बसून करतो, असं सांगून हसायचे.

मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेलं मी पहिलंच माणूस. ते दिवस असे होते की जो तो म्हणायचा, देश बदलतोय. गल्लीवरून केबलच्या तारा गेल्या होत्या, कोपऱ्यावर एस.टी.डी.चा बूथ झाला होता, अमीरपेठेत कॉम्प्युटरच्या क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. तारनाक्याच्या त्यांच्या केंद्रालाही परदेशातल्या कुठल्याशा संस्थेची मदत यायला लागली, आणि मदतीबरोबर फॉर्म आले. इंग्रजीत. केंद्र म्हणजे सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आठवड्यातून दोनदा डॉक्टर यायचे, एरवी काका आणि त्यांच्यासारखेच आणखी दोघं. तिघांनाही इंग्रजी येत नव्हतं.

एकदा गल्लीच्या तोंडाशी त्यांनी मला थांबवलं. "तू कॉलेजला जातीस न्हवं? इंग्लिश येतं?"

मी येतं म्हणाले. खरं म्हणजे मला पुरतं येत नव्हतं. पण कुणी असं विचारलं की नाही म्हणायची हिंमत व्हायची नाही. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी माझं नाव 'कॉलेज' पडलं. आठवड्यातून तीन दुपारी मी केंद्रात जायची. ते सांगायचे, मी शब्दकोश मांडीवर घेऊन लिहायची.

पहिला फॉर्म त्यांचाच होता. शिक्षणाच्या रकान्यात त्यांनी 'आठवी' लिहायला लावलं. पुढचा रकाना होता, या कामासाठीची विशेष पात्रता.

"लिही, अकरा वर्षं पिलो."

"काका, असं कसं लिहायचं?"

"मग काय लिहितीस? डॉक्टरसायबाची डिग्री लिहिलीस न्हवं? माझी हीच हाय."

मी घाबरत घाबरत लिहिलं. डॉक्टरांनी वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं आणि सही केली.

तिथं बसून मी त्यांचं काम ऐकायची. ते फार बोलत नसत. उपदेश तर करतच नसत. येणारा माणूस भिंतीला टेकून बसायचा, खाली बघत म्हणायचा, झोप लागत नाही. काका म्हणायचे, "मलाबी लागायची न्हाई." तो म्हणायचा, घरात कुणी बोलत नाही. "माझ्याशीबी बोलत न्हाईत." असं चालायचं. एकदा मलकपेठेकडच्या एका ऑटोवाल्यानं रागानंच विचारलं, "तुम्हाला काय जातंय सांगायला. तुमचं सुटलं. माझ्या अंगाला आत्ता पाहिजे."

"मलाबी," काका म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता."

तो ऑटोवाला सरळ होऊन बसला आणि त्यांच्याकडं बघत राहिला. मीही बघत राहिले. मला वाटत होतं, बरा झालेला माणूस म्हणजे ज्याला आता भीती नाही. त्या दिवशी मला कळलं की हे रोज भीत भीतच जगतात, फक्त लपवत नाहीत.

आमच्या गल्लीच्या बरोबर मध्ये कल्लू कंपाउंड होतं. कल्लू म्हणजे आपली ताडी. पण ती नुसती ताडी नव्हे, तिच्यात कसली तरी पावडर मिसळतात हे सगळ्यांना माहीत होतं, पिणाऱ्यांनाही. उंच भिंत, आत बाकं, फाटकाशी उकडलेल्या चण्यांची गाडी, आणि सगळ्या गल्लीत तो आंबट वास. काकांची खोली गल्लीच्या तोंडाशी होती, कंपाउंडच्या अलीकडं. ते कधी त्याच्या पलीकडं गेले नाहीत. बसमधूनही एक स्टॉप आधी उतरायचे, कारण आमच्या स्टॉपवर उतरलं की कंपाउंडची मागची भिंत दिसते. जुने ड्रायव्हर चिडवायचे, "क्या उस्ताद, एक स्टाप पैलेच उतररैं?"

"उधर शेर बैठा है मियाँ," काका म्हणायचे आणि चालू लागायचे.

आमचं घर कंपाउंडच्या पलीकडं होतं, अगदी शेवटचं. तिथं गल्ली संपते. आणि माझे बाबा कंपाउंडच्या आत असायचे.

हे मी काकांना सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबा एका कारखान्यात लेथवर होते. कारखान्यानं माणसं कमी करायला घेतली तेव्हा बाबांनीही रांगेत उभं राहून राजीनाम्याच्या कागदावर सही केली. त्याआधी ते संध्याकाळी प्यायचे, सही केल्यावर सकाळपासून प्यायला लागले. ते ओरडत नसत, मारत नसत. घरी येऊन नुसते झोपत. कॉलेजातून आले की मी दप्तर न ठेवता आधी त्यांच्या नाकासमोर तळहात धरायची. श्वास लागला की मगच हातपाय धुवायची. ते एक-दोन क्षण मी रोज कसे काढले ते सांगता येणार नाही. केंद्रात मी दुसऱ्यांच्या वडिलांबद्दल पानंच्या पानं लिहायची, पण आपल्याबद्दल एक शब्द काढला नाही.

एका दुपारी कुणीच आलं नव्हतं. काका म्हणाले, "कॉलेज, दाखव बघू हात." मी हसत हात पुढं केले. तिकीट थरथरायला लागलं. मी हात आवळून धरले तर जास्तच.

ते तिकीट उचलून खिशात ठेवत म्हणाले, "हा पिणाऱ्याचा हात न्हाई. पिणाऱ्याच्या घरचा हाय."

मी मांडीवरचा शब्दकोश उघडून बसले. त्यांनीही विचारलं नाही. खालून दोन चहा मागवले आणि म्हणाले, "मी पुढच्या आठवड्यातबी इथंच हाय."

त्या कार्तिकात बाबांनी अय्यप्पाची माळ घातली. इथं राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण लांबच्या वाचकांसाठी सांगते. काळे कपडे, अनवाणी पाय, पहाटे थंड पाण्यानं अंघोळ, जमिनीवर झोप, आणि एक्केचाळीस दिवस दारूचा थेंब नाही. माळ घातलेल्या माणसाला सगळे 'स्वामी' म्हणतात, त्याची आईसुद्धा. आमच्या तेलुगू शेजाऱ्यांत कितीतरी पिणारे दर वर्षी असे एक्केचाळीस दिवस सुटायचे. गल्लीतले गुरुस्वामी, म्हणजे माळ घालणारे जाणते, यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. त्यांनी बाबांना समजावलं, बाबा तयार झाले. आईनं काळं लुंगीचं कापड आणलं. त्या दिवशी ती इतकी रडली की मला तिचीच काळजी वाटली. बाबांनी एका दिवसात सोडलं. कंपाउंडच्या फाटकावरून ते मान खाली घालून देवळात गेले आणि तसेच परत आले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तारनाक्याला गेले आणि जिना चढतानाच सांगायला लागले. सगळं सांगितलं. बाबांचं पिणं, कारखाना, माळ. मला वाटलं, काका आनंदानं टाळी देतील.

त्यांनी विचारलं, "कधी सोडलं?"

"परवा सकाळी. एकदम. एक थेंब नाही काका."

"किती वर्षं पीत होते?"

"माझ्या आठवणीपासून."

ते उठले. चपला उलट्या पायात घातल्या, तशाच काढल्या, पुन्हा घातल्या. "चल. घरी चल."

"पण आता तर चांगलं चाललंय."

"कल्लू असा सोडायचा नसतो, बाई. डॉक्टरला इचारून, औषध घेऊन, हळू सोडायचा असतो. मी असाच सोडलता."

ते आमच्याच स्टॉपवर उतरले. गल्लीत शिरल्यावर त्यांनी माझ्या पिशवीचा बंद धरला, आंधळ्या माणसानं धरावा तसा, आणि नजर जमिनीवर ठेवली. "बोलत राहा," म्हणाले.

"काय बोलू?"

"कायबी. आज काय शिकवलं?"

"बहमनी राज्याचे पाच तुकडे झाले."

"सांग."

"विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, वऱ्हाड, बिदर."

"बिदर आमचं. परत सांग."

मी परत सांगितलं. ते माझ्यामागून म्हणत होते, शाळेत म्हणतात तसे. चण्यांच्या गाडीचा धूर आमच्या अंगावर आला. पिशवीचा बंद ताणला गेला. पाच नावं आम्ही तीनदा म्हटली, तेव्हा कंपाउंडची भिंत संपली.

आमच्या दारात माणसं होती. आत कापूर जळत होता. बाबा काळ्या कपड्यांत पाटावर बसले होते, घामानं निथळत होते आणि डोळे एवढे मोठे झाले होते की मी दारातच थांबले. त्यांचे हात हवेत चालत होते. लेथचं चाक फिरवायचं, मोजमाप घ्यायचं, पुन्हा फिरवायचं. मधेच आईच्या पदरावरून काहीतरी वेचून खाली टाकायचे. तिथं काहीच नव्हतं. बायका पाया पडत होत्या. स्वामी अंगात आले, असं सगळे म्हणत होते.

कोपऱ्यावरच्या शिंप्यानं हात जोडून विचारलं, "स्वामी, माझ्या पोराचा दुबईचा व्हिसा होईल का?"

बाबा छताकडं बघत म्हणाले, "शिफ्ट संपली. मशीन बंद करा."

शिंपी मागं वळून हळूच विचारायला लागला, "शिफ्ट संपली म्हंजे काय? जायचं का न्हाई जायचं?"

मी खोटं लिहिणार नाही. एक क्षणभर माझेही हात जोडले गेले होते. आई कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभी होती, तिला आनंद झालाय की भीती वाटतेय ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

काका गर्दीतून पुढं गेले. आधी सगळ्यांसारखे बाबांच्या पाया पडले. मग समोर उकिडवे बसले. "स्वामी, हात दाखवा." बाबांनी हात पुढं केले. तिकीट ठेवलं, ते पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा त्यांनी ठेवलंच नाही.

"दवाखान्यात न्यावं लागतंय. आत्ता."

"देव आलाय घरात आणि हे पागलखान्यात न्यायला निघाले," मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

काका भांडले नाहीत. हळूच म्हणाले, "मलाबी असाच आलता. आमच्याकडं खंडोबा म्हणाले. तिसऱ्याच दिवशी. लोक माझ्याबी पाया पडले. चौथ्या दिवशी मी भिंतीवर डोकं फोडून घेतलं, तवा कुणी पाया पडायला न्हवतं." मग ते गुरुस्वामींकडं वळले. "तुम्ही सांगा. तुमचं ऐकतेत."

गुरुस्वामी काही बोलायच्या आतच बाबा पाटावरून कलंडले. अंग ताठ झालं, दात बसले, टाचा जमिनीवर आपटायला लागल्या. कुणी कांदा आणला, कुणी हातात किल्ल्या कोंबल्या, कुणी दातांत चमचा घालायला धावलं. काकांनी चमचा काढून घेतला. "तोंडात काय घालू नका." त्यांनी बाबांना कुशीवर वळवलं, खांद्यावरचा पंचा डोक्याखाली सरकवला आणि एक हात त्यांच्या पाठीवर ठेवून बसून राहिले. किती वेळ गेला मला माहीत नाही. त्या खोलीत तेवढा एकच माणूस बसलेला होता, बाकी सगळे उभे होते.

"ऑटो बुलाओ," गुरुस्वामी म्हणाले. आईनं बाबांच्या गळ्यातल्या माळेकडं बोट केलं तेव्हा ते म्हणाले, "माला रैंदो अम्मा. मैं बी आतौं." आणि दुकानाच्या किल्ल्या कुणाच्यातरी हातात देऊन ते अनवाणीच ऑटोत बसले.

ऑटोत बाबांचं डोकं गुरुस्वामींच्या मांडीवर होतं, पाय काकांच्या. मी पुढं ड्रायव्हरच्या बाजूला कशीतरी टेकले होते. मागं वळून म्हणाले, "काका, मला भीती वाटते."

"मलाबी," ते म्हणाले. बाबांचे पाय त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरले होते.

बाबा अकरा दिवस दवाखान्यात होते. डॉक्टर आईला म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर, आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. ते वाक्य मी पुष्कळ दिवस मनात पुरं करत बसायची. बाबा घरी आले तेव्हा गळ्यात माळ होती आणि चेहरा लहान झाला होता. आई म्हणाली, सुटलो एकदाचे. काका म्हणाले, "वहिनी, माळ घालायच्या दिवशी सगळे येतेत. काढायच्या दिवशी कुणी नसतं. तो दिवस होईस्तोवर मी येतो."

आणि ते यायला लागले. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी.

आमच्या घराला यायला कंपाउंडवरूनच यावं लागतं हे मला माहीत होतं. मी हे मुद्दाम लिहिते आहे. मला माहीत होतं. पहिले काही दिवस मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्यांना आणायची, पाच नावं म्हणत. मग परीक्षा जवळ आली आणि ते म्हणाले, "तू वाच. मी म्हणत येतो." ते एकटे यायला लागले. मी थांबवलं नाही. बाबांच्या नाकासमोर हात धरायची वेळ पुन्हा येऊ नये, एवढंच मला दिसत होतं.

दोघं ओट्यावर बसायचे. बोलणं थोडंच. बाबा लेथबद्दल सांगायचे, काका प्रवाशांबद्दल. एकदा काकांनी सांगितलं की पिऊन असताना त्यांनी एका कोंबड्याचं अर्धं तिकीट फाडलं होतं, आणि बाबा हसले. मी आतून ऐकलं. कितीतरी वर्षांनी ऐकलं. मग तिकीट निघायचं. आधी बाबांच्या हातावर, मग काकांच्या. बाबांचं हळूहळू थांबत चाललं होतं.

एक दिवस बाबा म्हणाले, "तुमचं हलायलंय आज."

"वारं हाय," काका म्हणाले.

वारं नव्हतं. दोरीवरचे कपडे सरळ लोंबत होते.

दुसऱ्या दिवशी जाताना ते माझ्याजवळ थांबले. "कॉलेज, तुमच्या घराला मागनं वाट न्हाई का?"

"नाही," मी म्हणाले.

वाट होती. न्हाणीच्या पलीकडं पत्र्याचं दार होतं, कडी गंजलेली. त्यामागं दोन भिंतींमधला बोळ, गटारावरून चार पावलं, आणि मग पलीकडच्या गल्लीतलं एक अंगण. ते अंगण माझ्या वर्गातल्या मैत्रिणीचं होतं. तिला मी सांगितलं होतं की बाबा कामासाठी बाहेरगावी असतात. सगळी गल्ली ज्यांना पागलखान्यातले म्हणते ते गृहस्थ रोज दोनदा तिच्या अंगणातून आमच्याकडं येताना तिनं पाहिले असते, तर तिनं विचारलं असतं. एवढंच कारण होतं. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, मिळालं नाही.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाले. ओट्यावरून ते दार त्यांना दिसत होतं की नाही, मला सांगता येत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

एक्केचाळीसाव्या दिवशी गल्लीतल्या देवळात गुरुस्वामींनी बाबांची माळ काढली. माळेनंतर अय्यप्पाच्या डोंगरावर यात्रेला जातात, पण डॉक्टरांनी बाबांना मनाई केली होती. यात्रेला न जाणाऱ्या गल्लीतल्या इतर स्वामींच्याही माळा उतरल्या तेव्हा त्यांतले तिघं त्याच पावली कंपाउंडमध्ये गेले. बाबांनी ते पाहिलं. काका त्यांच्याजवळ उभे होते, खांद्याला खांदा लावून. "घरी जाऊ," ते म्हणाले. मग दिवसभर ते आमच्याकडंच बसले. आईनं पुरणपोळी केली होती, ती दोघांनी न बोलता खाल्ली. ऊन उतरताना ते उठले, चपला घातल्या आणि बाबांना म्हणाले, "आजचा गेला. उद्या बेचाळिसावा. त्याला माळ न्हाई, काय न्हाई. तो आपला."

बेचाळिसाव्या दिवशी ते आले नाहीत.

दहा वाजेपर्यंत आम्ही ओट्यावर बसलो. मग बाबा उठले, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "बघून येतो." आईनं माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्यामागून धावले. काकांच्या खोलीला कुलूप होतं. मालकिणीनं खिडकीतून दाखवलं, गादी गुंडाळलेली होती. बाबा परत फिरले आणि सरळ कंपाउंडच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. सहा आठवड्यांनी. आतून ओळखीच्या हाका आल्या. "क्या स्वामी, माला उतर गई? आओ." मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं.

बाबांनी चणेवाल्याला विचारलं.

"वो टिकटवाले? सुबह आए थे ना," चणेवाला म्हणाला. "इधरीच खड़े थे, बहोत देर. हात ऐसा करके." त्यानं दोन्ही हात पालथे करून पुढं धरले. "हात पे कागज था कुछ."

"अंदर गए?" बाबांनी विचारलं.

"मैं चने देखूँ के लोगां देखूँ भाई. पलट के देखा तो नै थे."

बाबा आत गेले नाहीत. मला म्हणाले, "तू आत बघून येतीस का? मी हितं थांबतो. मला भीती वाटायलीय." मी आत गेले. प्रत्येक बाक पाहिलं. ते नव्हते. बाहेर आले तेव्हा बाबा फाटकाकडं पाठ करून उभे होते आणि पुटपुटत होते, विजापूर, अहमदनगर. काकांनी ही नावं त्यांना कधी शिकवली, मला माहीत नाही.

तारनाक्यालाही काका गेले नव्हते. मोठ्या दवाखान्यात नव्हते. डॉक्टरांनी बिदरला पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. त्या सकाळी त्यांच्या हातावरचं तिकीट हललं होतं का, आणि हललं असेल तर ते कुठल्या दिशेला वळले, हे कुणालाच सांगता येत नाही. मी हा प्रश्न मनात रोज विचारते.

आठवड्यानं मी बाबांना मागच्या वाटेबद्दल सांगितलं. काकांनी ती विचारली होती आणि मी नाही म्हणाले, हे सांगितलं. मला वाटलं बाबा रागावतील. ते पक्कड आणि तेलाची बाटली घेऊन न्हाणीकडं गेले. कडी सोडवली, बिजागरीला तेल दिलं, बोळ झाडला, गटारावर दगड बसवले. मग त्याच वाटेनं माझ्या मैत्रिणीच्या अंगणात जाऊन उभे राहिले आणि तिच्या आईला म्हणाले, "ताई, आमच्याकडं एक माणूस या वाटेनं येईल. मी पीत होतो. ते मला बघायला येतेत."

मी दाराआड उभी राहून ऐकत होते. ताई म्हणाल्या, "येऊ द्या की."

याला आता दोन वर्षं होतील. तारनाक्याला बाबा हल्ली आठवड्यातून तीन दिवस जाऊन बसतात, आणि मी अजून तिथले फॉर्म लिहिते. सकाळी उठल्यावर बाबा ते पत्र्याचं दार उघडतात आणि दिवेलागणीला लावतात. परवा पाहिलं तर बोळातल्या दगडांवर शेवाळ धरलं होतं. त्यावरून कुणी चालत नाही, मग धरणारच. बाबा खाली बसून नारळाच्या शेंडीनं ते घासून काढत होते. मी उगाचच विचारलं, काय करताय.

"पाय घसरंल त्यांचा," ते म्हणाले.